पाव फेरा उजवीकडे

"वजनाची काळजी तुम्ही सोडाच, सिस्टर! वजन म्हणजे आमच्या घरचाच विषय!"

बायकोला दवाखान्यातून घरी नेताना काटेमास्तरांनी छाती पुढे काढून हे वाक्य टाकलं, आणि मंडळी, सगळ्या गोंधळाची सुरुवात तिथेच झाली. माणसाने दवाखान्यात तोंड उघडावं ते फक्त डॉक्टरांनी 'आ करा' म्हटल्यावर. पण मास्तरांना कोण सांगणार!

काटेमास्तर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. बेकरीतला पिठाचा काटा, पार्सल कचेरीतला काटा, भंगारवाल्याचा जमिनीत गाडलेला अजस्र काटा, सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. तीस वर्षांत एकाही दुकानदारासाठी त्यांनी काटा ग्रॅमभरसुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. कोणी डोळा मिचकावून "जरा आपल्या बाजूने बघा ना मास्तर" म्हणालाच, तर मास्तर हत्यारांची पेटी बंद करून चालू लागत. मागे वळूनसुद्धा बघत नसत.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. सगळी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाईंचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. गेली दोन वर्षं त्या प्रत्येक मजल्यावर थांबून, कठडा धरून, खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असा चेहरा करून श्वास घ्यायच्या. गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती. बारा वर्षं त्यांनी सगळं करून पाहिलं. चालून झालं, पोहून झालं, उकडलेला कोबी खाऊन झाला. एक पट्ट्यावर धावायचं मशीनसुद्धा आणून झालं, त्याच्यावर आता घरातले टॉवेल वाळतात. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन. पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, उरलेलं पोट केळ्याएवढं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाई मास्तरांना एवढंच म्हणाल्या, "अहो, हा शेवटचा प्रयत्न. हेही फसलं ना, तर मी पुन्हा काही करायची नाही. शाळाही सोडेन."

हे वाक्य मास्तरांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. ती खचली तर? दिवसभर त्यांच्या डोक्यात हेच. दाढी करताना ती खचली तर, बूट घालताना ती खचली तर!

सुटी मिळायच्या दिवशी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं. पाणी घोट घोट, दर पंधरा मिनिटांनी. आधी पातळ, मग दाट, मग मऊ. रोज चालायचं. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, रोज काट्यावर चढायचं नाही. "आणि मुख्य म्हणजे घरातलं वातावरण सकारात्मक हवं. यांना एकटं वाटता कामा नये."

आता या सगळ्यातलं मास्तरांनी काय ऐकलं? तर 'सकारात्मक' आणि 'काटा'. मधलं सगळं वाऱ्यावर! त्याच संध्याकाळी दुकानातून टेम्पोत घालून त्यांनी आपला लाडका काटा घरी आणला आणि पॅसेजमध्ये उभा केला. खाली पाय ठेवायला पत्रा, मधे छातीएवढा खांब, वर ताटाएवढी गोल तबकडी आणि तिच्यावर लांबलचक काळी सुई. तबकडीच्या मागे छोटं झाकण.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"रोज सकाळी उतरलेला आकडा बघायचा! हुरूप येतो!"

"अहो, त्यांनी आठवड्यातून एकदा सांगितलंय."

"त्यांचे काटे तसले असतील. हा माझा काटा आहे!"

मास्तरांच्या आईने तर लगेच चपला काढल्या आणि वर चढली. बावन्न किलो. "बघ, माझं कसं तिशीतल्या बाईसारखं आहे," असं म्हणून ती खाली उतरली आणि स्वयंपाकघरात गेली.

पहिले दोन आठवडे कसे झकास गेले म्हणून सांगू! एकशे चोवीसवर असलेली सुई रोज मागे सरकत होती. बाई सकाळी काट्यावर उभ्या राहून मोठ्याने आकडा सांगायच्या आणि मास्तर स्वयंपाकघरातून "शाब्बास!" ओरडायचे. पलीकडच्या घरातल्या शिंपीणबाईंना वाटायचं यांच्याकडे सकाळी सकाळी क्रिकेटचा सामना लागतो.

आणि पंधराव्या दिवशी सुई एकशे तेरावर येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी एकशे तेरा. तिसऱ्या दिवशी एकशे तेरा. मास्तरांनी तबकडीवर टिचकी मारली. एकशे तेरा! चौथ्या दिवशी बाईंनी कानातली काढून ठेवली. पाचव्या दिवशी चष्मा काढला, तर आकडाच दिसेना. मास्तरांना बोलावून विचारलं, "किती?" मास्तर म्हणाले, "तेवढंच."

नवव्या दिवशी बाई काट्यावरून उतरल्या आणि तिथेच पॅसेजमध्ये स्टुलावर बसून रडायला लागल्या. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. "दिवसाला चार चमचे सूप खातेय हो मी! चार चमचे! आणि तरी जागचं हलत नाही! माझ्याच नशिबाला कसं हे?"

मास्तरांनी मशीनवरचा टॉवेल ओढून त्यांच्या हातात दिला. "उद्या उतरेल," ते म्हणाले.

"आणि नाही उतरलं तर?"

बाई तोंड धुवायला गेल्या. मास्तर काट्यासमोर उभे राहिले, सुईकडे बघत. सुई शून्यावर निवांत. तीस वर्षं ज्याने आपलं पोट भरलं तोच काटा आज आपल्या बायकोला रडवतोय, या विचाराने त्यांना त्या काट्याचा असा राग आला की विचारू नका!

आणि मंडळी, त्या क्षणी त्यांच्या मनात पाप शिरलं.

आता यातली गोम अशी आहे. काट्याला दोन स्क्रू असतात. एक शून्याचा. तो फिरवला तर रिकाम्या काट्याची सुईच शून्यावरून हलते, शेंबडं पोरसुद्धा चोरी पकडतं. पण तबकडीच्या मागे, झाकणाच्या आत, दुसरा एक स्क्रू असतो. तो पाव फेरा उजवीकडे फिरवला की शून्य शून्यावरच राहतं, पण वर माणूस उभं राहिलं की आकडा कमी येतो. बाईंच्या वजनाला पाव फेरा म्हणजे बरोबर अर्धा किलो. हे मास्तरांना झोपेतसुद्धा माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ते उठले. बाई उताण्या, डोळे मिटून पडलेल्या. आई आपल्या खोलीत घोरतेय. मास्तर चोरपावलांनी पॅसेजमध्ये आले, झाकण उघडलं, स्क्रूड्रायव्हर लावला आणि त्यांचा हात थरथरायला लागला. तीस वर्षांत पहिल्यांदा! "फक्त चार दिवस," ते स्वतःशी पुटपुटले. "खरं वजन उतरायला लागलं की परत सरळ करीन." पाव फेरा उजवीकडे. झाकण बंद. आणि पाणी कोमट करायच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात पळाले.

थोड्या वेळाने पॅसेजमधून बाईंचा आवाज आला, "अहो! उतरलं! एकशे बारा पूर्णांक सात!"

मास्तर धावत आले. बाई काट्यावर उभ्या राहून चक्क हसत होत्या! मास्तरांकडे बघून तर आणखीच हसल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. फक्त एक गोष्ट मनाला जरा टोचली. अर्धा किलो उतरायला हवा होता, हा तीनशे ग्रॅमच कसा उतरला? पहाटेची वेळ, हात थोडा कमी फिरला असेल, असं म्हणून त्यांनी विषय मनातून काढून टाकला आणि दिवसभर शीळ घालत हिंडले.

चार दिवसांचे पाच झाले, पाचाचे आठ. रोज पहाटे पाव फेरा, रोज सकाळी नवा आकडा, रोज बाईंचं हसू. चालायलाही लागल्या. शिंपीणबाईंच्या दारापर्यंत जात होत्या, त्या आता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायला लागल्या. सगळं कसं छान! पण मास्तरांना धड सुख लाभेना. कारण आकडे! मास्तर फिरवत होते मोजून पाव फेरा, आणि सुई उतरायची कधी दोनशे ग्रॅम, कधी सहाशे, एक दिवस तर शंभरच! तीस वर्षांचा तयार हात, आणि पाव फेरा नीट फिरत नाही?

"हात गेला!" मास्तर बेकरीतल्या काट्यासमोर उभे राहून स्वतःशीच म्हणाले.

"काय म्हणालात?" बेकरीवाल्याने विचारलं.

"काही नाही. पुन्हा एकदा मापं ठेवून बघतो."

"मास्तर, अकराव्यांदा ठेवताय!"

"बाराव्यांदा ठेवीन! काट्याच्या बाबतीत घाई नको!"

"अहो, पण तिकडे माझं पीठ फुगून टोपाबाहेर यायला लागलंय! गोळे कधी तोलू?"

मास्तरांनी चौदा वेळा मापं ठेवली. चौदाही वेळा काटा बरोबर निघाला. तरी त्यांचा विश्वास बसेना. घरी येताना औषधाच्या दुकानात हात पुढे करून विचारलं, "हा थरथरतोय का हो?" औषधवाल्याने गोळ्या दाखवल्या, तेव्हा मात्र ते तिथून सटकले.

नवव्या दिवशी दुसरा बॉम्ब पडला. आई सहज म्हणून काट्यावर चढली आणि किंचाळली, "अरे ए! इकडे ये आधी! अठ्ठेचाळीस!"

"काय अठ्ठेचाळीस?"

"मी! बावन्न होते ना रे मी? चार किलो गेले कुठे? मला काहीतरी मोठं दुखणं लागलंय! आतून पोखरतंय मला!"

"काही नाही गं आई, काटा..." असं म्हणता म्हणता मास्तरांनी जीभ चावली. बाई दारातच उभ्या होत्या.

"काटा काय?" आईने विचारलं.

"काटा... काटा बरोबर आहे."

"मग झालंच की! म्हणजे मी चालले!" आईने पदर डोळ्यांना लावला.

मास्तरांनी दुकानात जाऊन कागदावर हिशेब मांडला. नऊ दिवस, नऊ पाव फेरे. बाईंचं वजन शंभराच्या वर, आईचं त्याच्या निम्मं, म्हणजे आईच्या वजनात स्क्रूमुळे फार फार तर दोन किलोची खोट यायला हवी. मग उरलेले दोन किलो? ते खरेच गेले! म्हणजे आई खरंच झिजतेय! आईला डॉक्टरकडे न्यावं, तर डॉक्टर विचारणार, वजन कोणत्या काट्यावर केलंत? सांगणार काय, कपाळ!

आणि मग त्यांनी तसाच हिशेब बाईंचा मांडला, तेव्हा तर त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

हिशेब सोपा होता. दवाखान्यात दाखवायचा दिवस तीन दिवसांवर आलेला. तोपर्यंत बारा पाव फेरे होणार, म्हणजे सहा किलोची खोट. बाईंचं वजन एकशे तेरावर अडकलेलंच असेल, तर काट्याने एकशे सात दाखवायला हवं. पण ज्या गतीने सुई उतरत होती, त्या गतीने ती जेमतेम एकशे नवापर्यंत येणार. म्हणजे खरं वजन किती? एकशे पंधरा!

"वाढलं!" मास्तर दुकानात एकटेच ओरडले. "दोन किलो वाढलं!"

चार चमचे सूप खाऊन वजन वाढतं कसं? आणि मंडळी, घाबरलेल्या माणसाची अक्कल फार जोरात धावते, फक्त दिशा चुकते. मास्तरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईचं वजन दोन किलो कमी! बाईंचं दोन किलो जास्त! आईचं ताट रोज चाटूनपुसून रिकामं असतं, आणि तरी आई झिजते. म्हणजे आई आपलं जेवण गुपचूप सुनेला भरवतेय!

त्या दिवसापासून ते डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायला लागले. जेवायला बसलं की आईच्या घासाकडे नजर. "काय बघतोस?" आई विचारायची. "काही नाही, जेव ना." "तू बघत असलास की घास उतरत नाही मला!" मास्तरांचा संशय अधिकच पक्का झाला.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते दुकान अर्ध्यावर टाकून घरी आले. दारातून हळूच आत डोकावले. आई ताटलीवर झाकण ठेवून, इकडे तिकडे बघत, बाईंच्या खोलीत शिरत होती! मास्तर तीन ढांगांत तिच्या मागे पोचले आणि दार ढकलून गरजले, "पकडलं!"

आई खिडकीपाशी उभी. ताटली हातात. खिडकीच्या गजांतून एक गलेलठ्ठ बोका आत मान घालून उकडलेला बटाटा खात होता. बाई पलंगावर पुस्तक वाचत बसलेल्या.

"काय पकडलं?" बाईंनी विचारलं.

मास्तर बोक्याकडे बघतात, आईकडे बघतात, पुन्हा बोक्याकडे बघतात. "हा... हा बोका!" ते म्हणाले.

"त्याला कशाला पकडायचाय? बिचारा जेवतोय," बाई म्हणाल्या.

आई मात्र चोरी उघडी पडल्यासारखी रडवेली झाली. "मग काय करू रे? ती पोर समोर बसून चार चमचे खाते, आणि मी काय ताट भरून हादडू? घशाखाली उतरत नाही माझ्या. टाकून देववत नाही, म्हणून याला घालते."

"किती दिवस?"

"ऑपरेशन झाल्यापासून."

"आई!" बाई उठून बसल्या. "हे मला सांगितलं का नाही? मला वाटायचं, उरलंसुरलं घालता त्याला. मला भूक लागत नाही हो. तुम्ही खाल्लंत तर मला उलट बरं वाटेल!" त्यांनी सासूचा हात धरला, आणि मग दोघीही रडल्या. बोका जेवून निघून गेला.

मास्तरांच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण ते वेगळ्याच कारणाने. आई सुनेला भरवत नव्हती. म्हणजे बाई चार चमच्यांवरच होत्या. आणि तरी दोन किलो वाढल्या! आता हे उद्या दवाखान्याच्या काट्यावर सगळ्यांसमोर दिसणार. घरच्या काट्यावर एकशे नऊ, तिथे एकशे पंधरा. ती तिथेच कोसळेल. आणि वर कळेल, की रोज सकाळी जे हसू आलं तेच मुळात खोटं होतं, आणि ते खोटं आपल्या नवऱ्याने केलं होतं.

दवाखान्याच्या दिवशी पहाटे त्यांनी बारावा पाव फेरा फिरवला, तोही केवळ सवयीने. बाईंनी आकडा सांगितला, "एकशे नऊ!" मास्तरांच्या तोंडून "शाब्बास" निघेना.

दवाखान्यात पोचताच ते सिस्टरच्या टेबलाशी गेले. "तुमचा काटा आज वापरू नका."

"का?"

"बिघडलाय."

"तुम्ही अजून बघितलाही नाहीत!"

"मला नुसत्या आवाजावरून कळतं."

"तो बॅटरीवर चालतो. आवाज करत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आणि परवाच तपासून गेलेत. बाई, या, चपला काढा."

बाकावर सात-आठ माणसं बसलेली. कोणी पाणी घोट घोट पीत होतं, कोणी फाईल चाळत होतं. बाईंनी चपला काढल्या, पर्स आईकडे दिली आणि एक पाय उचलला.

"थांब!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की बाकावरच्या एकाच्या हातातला पाण्याचा पेला उडाला. "चढू नकोस! मी खोटा माणूस आहे!"

आतून डॉक्टर बाहेर आले.

मग मास्तर जे सुटले ते सुटलेच! एकशे तेरा, पॅसेजमधलं रडणं, झाकण, स्क्रू, पाव फेरा उजवीकडे, बारा दिवस, सहा किलो, सगळं भडाभडा ओकले. "तीस वर्षांत कोणासाठी केलं नाही ते मी माझ्या बायकोशी केलं! तुझं वजन उतरलेलं नाही गं! उलट दोन किलो वाढलंय! पण तू खचू नकोस! दोष माझा आहे, तुझा नाही! तू पुन्हा काही करणार नाही म्हणालीस ना, ते तेवढं म्हणू नकोस!" एवढं बोलून ते धाडकन रिकाम्या खुर्चीवर बसले आणि रुमालात तोंड खुपसलं.

बाई शांतपणे काट्यावर चढल्या.

"एकशे नऊ," सिस्टर म्हणाल्या.

रुमालातून डोकं वर आलं. "अशक्य!"

"एकशे नऊच."

मास्तर उठले, वाकले, डोळे चोळून आकडा बघितला. काट्याखाली हात घालून बघायला लागले तेव्हा सिस्टरने त्यांना बाजूला केलं. "पण... पण घरच्या काट्यावर सहा किलोची खोट आहे!"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाव फेरा उजवीकडे फिरवून पाणी तापवायला जायचात. मी उठून पाव फेरा डावीकडे फिरवायचे. मग उभी राहायचे."

मास्तरांचा आ तसाच राहिला.

"पोटावर टाके असताना कुशीवर वळता येत नाही. उताणी पडून असायची, झोप कुठली! पहिल्याच दिवशी उघड्या दारातून सगळं बघितलं मी. लग्नानंतर चार वर्षं दुकानात बसून तुम्हाला मापं देत होते, तो स्क्रू मला कळत नाही होय? असा राग आला होता! म्हटलं, ज्या माणसाने कोणाचा काटा कधी खोटा केला नाही, त्याने माझाच करावा? फिरवला उलटा आणि चढले. तर खरोखरच तीनशे ग्रॅम उतरलेलं! त्याच दिवशी! आणि तुम्ही धावत आलात ते असं तोंड घेऊन की मला हसूच आवरेना."

डॉक्टरही हसायला लागले. "तिसऱ्या आठवड्यात वजन असं अडकतंच. बहुतेकांचं अडकतं. शरीर जरा दम खातं आणि मग पुन्हा उतरायला लागतं. हे आम्ही सांगितलं होतं की तुम्हाला!" बाकावरच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "माझं सतरा दिवस अडकलं होतं!"

"मग मला सांगितलं का नाहीस?" मास्तर उसळले. "बारा दिवस मी काय भोगलं! हात गेला म्हणून बेकरीवाल्याचं पीठ वाया घालवलं मी!"

बाईंनी चपला घातल्या. मग हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून तुमचा चेहरा बघवत नव्हता हो. मी शिंकले तरी दचकायचात. आणि त्या दिवशी स्क्रू फिरवलात आणि दिवसभर शीळ घालत हिंडलात. मला घरात एक तरी माणूस न घाबरलेला हवा होता. म्हटलं, होतोय ना बरा स्क्रूने, तर होऊ दे."

मास्तरांनी पुन्हा रुमाल काढला. आईने तो ओढून घेऊन आधी स्वतःचे डोळे पुसले.

निघताना बाईंनी निकाल जाहीर केला. काटा परत दुकानात. वजन आठवड्यातून एकदा, इथेच. आई आपलं ताट सगळ्यांसमोर पुरं खाणार. मास्तर ऐकत होते, मान हलवत होते. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "आणि मी? मी पहाटे उठून काय करू?"

"माझ्याबरोबर चालायला या."

"एवढंच? अगं, तीस वर्षं दुकानोदुकानी फिरतोय मी! चालण्यात तू माझी बरोबरी करशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. शिंपीणबाईंच्या दारापर्यंत मास्तर पुढे होते. औषधाच्या दुकानापाशी दोघं बरोबर होते. पुढे चढ लागला. बाई मधूनमधून घोटभर पाणी पीत, ठरल्या चालीने वर गेल्या, आणि वर पोचून मागे बघतात तर मास्तर चढाच्या मध्यावर एका कुंपणाला धरून उभे! चेहरा लालबुंद, शर्ट घामाने चिंब, शब्द फुटेना.

समोरून बाईंच्या शाळेतला शिपाई सायकल हातात धरून येत होता. बाईंचं ऑपरेशन झालंय एवढंच त्याने शाळेत उडत उडत ऐकलेलं, कसलं नि कधी याचा पत्ता नाही. त्याने वर ताठ उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं, मग कुंपणाला टेकलेल्या मास्तरांकडे बघितलं, आणि सायकल टेकवून घाईघाईने मास्तरांचा दंड धरला.

"सांभाळून, सांभाळून! इतक्या लवकर कशाला बाहेर पडलात? बाई, ऑपरेशन यांचं झालं होय? मला तर कोणीतरी तुमचं सांगितलं!"

बाईंनी वरून मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं, पण आतून नुसती हवा आली.

"चार दिवस जातील," बाई म्हणाल्या. "पण यांना धीर देत राहायला हवं बघा."

आणि मास्तरांनी, दुसरं काहीच जमत नव्हतं म्हणून, मान हलवली.